हळदीचं क्रीम, द्राक्षाचं पेस्टिंग आणि कपातली कातडी

प्रश्न : मी सिडकोत घरी साबण बनवते. गिऱ्हाइकं विचारतात, म्हणून वेष्टनावर ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ असं छापू का?

छापा ताई, पण त्यात मिरवण्यासारखं फारसं काही नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना आपल्याकडे २०१४ पासून बंदीच आहे. त्याच वर्षी तशी चाचणी केलेल्या मालाची आयातही बंद झाली. म्हणजे शेजारच्या दुकानातली वडीही तेवढीच सोवळी. गिऱ्हाइकाच्या कातडीचा प्रश्न वेगळा आहे : साबणात कॉस्टिक सोडा उरलाय का? वडी चार-सहा आठवडे वाळू द्या, ओल्या वडीला पीएचची पट्टी लावा. नऊ-दहा आलं तर ठीक, अकराच्या वर गेलं तर ती वडी विकू नका. आणि विकायचं तर परवाना लागतो, तो काढलाय ना?

प्रश्न : पंचवटीत फार्मसी शिकतो. सशाऐवजी पेशींची त्वचा वापरतात म्हणे. ती येते कुठून आणि तिला ‘त्रास झाला’ हे कळतं कसं?

आधी ससा. जॉन ड्रेझ आणि सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये मांडलेली पद्धत अशी : पाठीवरचे केस काढायचे, पदार्थ लावून पट्टी बांधायची, मग लाली आणि सूज बघून गुण द्यायचे. मी ते दिलेले आहेत. एकाच सशाच्या लालीला मी दोन दिले, मित्राने तीन; शेवटी सर म्हणाले तो आकडा वहीत गेला. शिवाय सशाची कातडी आपल्यापेक्षा हळवी, त्यामुळे माणसाला न झोंबणारे पदार्थही ‘झोंबरे’ ठरायचे.

आता कपातली कातडी. शस्त्रक्रियेत काढलेली, संमतीने मिळालेली माणसाची त्वचा घेतात, तिच्यातल्या केराटिनोसाइट, म्हणजे त्वचेचा वरचा थर बनवणाऱ्या पेशी सुट्या करून वाढवतात आणि छोट्या कपाच्या सच्छिद्र तळावर पेरतात. आधी त्या पोषकद्रवात बुडालेल्या असतात. मग वरचा द्रव काढून घेतात : खालून खाऊ, वरून हवा. हवा लागली की पेशी थरावर थर रचतात, वरच्या चपट्या होऊन मरतात आणि आपल्या अंगावर असतो तसा शृंगस्तर, म्हणजे मेलेल्या पेशींचा सगळ्यात वरचा थर तयार होतो. शर्टाच्या बटणाएवढा, ओल्या बटर पेपरसारखा तुकडा.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये स्वीकारलेल्या ४३९ क्रमांकाच्या पद्धतीत एका पदार्थाला असे निदान तीन तुकडे लागतात. कातडीचं प्रारूप कुठलं त्यानुसार पाव तास ते तासभर पदार्थ ठेवायचा, धुवायचा, साधारण ४२ तास उबवायचं, मग एमटीटी हा पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी त्याला जांभळा करतात, मेलेल्या करत नाहीत. नुसतं बफर, म्हणजे निरुपद्रवी क्षारांचं पाणी लावलेल्या तुकड्याच्या तुलनेत जांभळेपणा ५० टक्के किंवा त्याखाली आला तर पदार्थ त्वचेला त्रासदायक. सोबत पाच टक्के सोडियम डोडेसिल सल्फेट हे हमखास झोंबणारं रसायन लावलेले तुकडे हवेतच. ते मेले नाहीत तर सगळा प्रयोग रद्द.

तुम्हा पोरांना प्रकल्पाला हळद नाहीतर कुठला तरी पाल्याचा अर्कच हवा असतो, म्हणून सांगतो : हळद स्वतः पिवळी, आणि कित्येक अर्क पेशींविनाच एमटीटीला जांभळं करतात. त्यासाठी मेलेल्या तुकड्यांवर वेगळी पडताळणी करावी लागते. ती गाळली की जहालसुद्धा सौम्य दिसतं.

प्रश्न : पिंपळगावला बाग आहे. गोडी छाटणीनंतर पेस्टिंग करताना, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून काडीला औषध लावताना, मजुरांचे हात भाजतात. औषध असं तपासलं असतं तर हे टळलं असतं का?

नाही हो. पेस्टिंगचं औषध, हायड्रोजन सायनामाइड, कातडी भाजतं हे आधीपासून माहीत आहे, डब्यावर लिहिलेलंही असतं. जाळणाऱ्या पदार्थांची चाचणी निराळी, ४३१ क्रमांकाची. तिच्यात तीन मिनिटं आणि एक तास लावून बघतात. तुमच्या बागेत कमी पडतात ते मोजे. कापडी मोजा औषधाने भिजला की तेच औषध दिवसभर हाताला बांधून ठेवतो. कोपरापर्यंतचे रबरी द्या, पाण्याची कळशी बांधावर ठेवा. आणि पेस्टिंगच्या आदल्या दिवशी किंवा नंतरचे काही दिवस दारूचा थेंबही नको. हे औषध शरीरात दारूचं विघटन अर्ध्यावर अडवतं. तोंड लाल होतं, छाती धडधडते, प्रसंगी दवाखाना गाठावा लागतो.

प्रश्न : आईला केसांच्या डायने दोन दिवसांनी पुरळ आलं. ‘त्वचेला त्रासदायक नाही’ असा अहवाल असताना कसं?

ती बहुधा ॲलर्जी, जळजळ नव्हे. कपातल्या तुकड्यात रोगप्रतिकारक पेशी नसतात, त्यामुळे ॲलर्जी तिथे दिसणारच नाही. तिच्या चाचण्या वेगळ्या. आईंनी तो डाय बंद करावा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी.

प्रश्न : आम्ही जैन. ही पद्धत पूर्ण अहिंसक म्हणता येईल का?

पूर्ण नाही. पेशी वाढवायच्या द्रवात अनेकदा गायीच्या पोटातल्या वासराच्या रक्तातलं सीरम असतं, आणि काही प्रारूपांच्या तळाचं कोलॅजन उंदराच्या शेपटीतलं किंवा गुरांचं. सीरम नसलेले द्रवही मिळतात, एपिडर्मिससाठी, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरासाठी ते चालतात. प्रयोगशाळेला विचाराल तर दोनच गोष्टी विचारा : सीरम घालता का, आणि कोलॅजन कशाचं?