आठ महिन्यांचा करार, बारा वर्षांचा हप्ता

प्रश्न : मी एसटीतून निवृत्त झालो असून मालवण तालुक्यात राहतो. माझी एकवीस वर्षांची मुलगी परराज्यातील एका क्लबकडून महिलांच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये मधल्या फळीत खेळते. करार आठ महिन्यांचा असून तिला दरमहा ६० हजार रुपये मिळतात. राहण्याजेवणाची सोय क्लब करतो. क्लब दहा टक्के कर कापून घेतो. पगार माझ्या आणि तिच्या संयुक्त खात्यात जमा होतो. तारकर्लीजवळच्या आमच्या वडिलोपार्जित जागेत पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधण्याकरिता तिच्या नावावर १५ लाखांचे कर्ज काढावे असे मनात आहे. गेल्या वर्षी भाच्यामार्फत तिच्या नावाने हमी परताव्याची विमा पॉलिसी घेतली. वर्षाला दोन लाख याप्रमाणे बारा वर्षे भरायचे आणि त्यानंतर बारा वर्षे दरसाल ३ लाख ६० हजार मिळायचे, अशी ती आहे. दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. दोन वर्षांत ती युरोपात खेळेल असे सगळे म्हणतात, त्यामुळे उत्पन्नाची काळजी नाही. शिबिरामुळे यंदा तिची बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा राहिली. कर्ज काढावे, की पैसे ठेवीत ठेवावेत?

उत्तर : कर्ज काढू नये. जागा वडिलोपार्जित आहे, म्हणजे सातबाऱ्यावर तुमच्या भावंडांचीही नावे असण्याची शक्यता मोठी आहे. सामायिक जमिनीवर मुलीच्या कर्जातून उभ्या राहिलेल्या खोल्यांवर उद्या तिचाच हक्क राहील, याची खात्री कोणताही वकील देणार नाही. किनाऱ्यालगत सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, निर्बंध आहेत. जागा भरतीरेषेपासून किती अंतरावर आहे हे तुम्ही लिहिलेले नाही आणि त्यावरच बांधकामाची परवानगी अवलंबून असते. पावसाळ्यात तारकर्लीतील जलक्रीडा बंद असतात, पर्यटक रोडावतात, पण बँकेचा हप्ता मात्र बारा महिने चालू राहतो. वाटणी होऊन तुमचा हिस्सा वेगळा झाला, परवानग्या हाती आल्या आणि तुम्ही स्वतःच्या बचतीतून एक खोली बांधायची ठरवली, तर त्या विषयावर वेगळे बोलता येईल. तुमच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

मला त्याहून अधिक चिंता वाटते ती ज्या पॉलिसीचा उल्लेख तुम्ही ओघात केला आहे तिची, आणि ती घेताना मुलीच्या मिळकतीविषयी जे गृहीत धरले गेले त्याची.

तुमच्या मुलीला वर्षाला ६० हजार गुणिले आठ, म्हणजे ४ लाख ८० हजार रुपये मिळतात. २०२३ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने लीगमधील क्लबांना किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला निदान ३ लाख २० हजारांचे करार करण्याची अट घालण्याचे ठरवले होते. तुमच्या मुलीला त्याच्या दीडपट मिळतात. एकविसाव्या वर्षी ही मोठी गोष्ट आहे आणि तिचा अभिमान तुम्ही बाळगावा. परंतु या ४ लाख ८० हजारांतून दोन लाख पॉलिसीला जातात. पंधरा लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी घेतले, तर महिन्याला सोळा हजारांच्या आसपास, म्हणजे वर्षाला एक लाख नव्वद हजार जातील. उरतात नव्वद हजार. तेवढ्यात तिने बूट, फिजिओथेरपी, गावी येण्याजाण्याचा खर्च आणि पगार नसलेले चार महिने भागवायचे आहेत.

हे गणित करार दरवर्षी नवा होत राहील, असे धरून केले आहे, आणि नेमके तेच धरता येत नाही. ही लीग २०१६-१७ च्या हंगामात सुरू झाली. २०२४-२५ चा हंगाम जानेवारी ते एप्रिल असा चालला. आठ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला चौदा सामने आले. एवढ्या लहान स्पर्धेत संघात जागा मिळवण्याची चढाओढ तीव्र असते आणि क्लब टिकून राहणे खेळाडूच्या हातात नसते. मार्च २०२३ मध्ये केरळ ब्लास्टर्सचा पुरुष संघ बंगळूरुविरुद्धचा सामना अर्धवट सोडून मैदानाबाहेर गेला, महासंघाने क्लबला चार कोटींचा दंड केला आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो आर्थिक भार कारण म्हणून सांगत क्लबने आपला महिला संघ थांबवला. त्या मुलींचा त्या सामन्याशी काहीही संबंध नव्हता. तुमच्या मुलीच्या क्लबमध्ये असे होईल असे मी म्हणत नाही, परंतु असे होऊ शकते हे ठाऊक असताना तिच्या नावावर बारा वर्षांचे बंधन घालणे मला मान्य नाही.

आता पॉलिसी पाहू. तुमच्या भाच्याने २४ लाख भरून ४३ लाख मिळतात, असे सांगितले असणार. बेरीज खरी आहे, पण पहिला रुपया आज भरायचा आणि शेवटचा चोविसाव्या वर्षी मिळायचा, हे त्या बेरजेत दिसत नाही. काळाचा हिशेब धरला की परतावा वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतो. हेच दोन लाख बारा वर्षे सात टक्क्यांनी वाढले, तर बाराव्या वर्षाअखेर सुमारे ३८ लाख होतात. त्यातून पुढची बारा वर्षे दरसाल ३ लाख ६० हजार काढले तरी शेवटी वीस लाखांहून अधिक शिल्लक राहतात. ‘हमी’ या शब्दाची ही किंमत आहे, आणि ती एकवीस वर्षांच्या मुलीच्या घामातून वसूल करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. अशा पॉलिसीत पहिल्या वर्षीच्या हप्त्याचा मोठा वाटा विक्रेत्याच्या मोबदल्यात जातो. भाच्याने कदाचित चांगल्या हेतूने ती दिली असेल, पण मुलीचे उत्पन्न वर्षातले आठच महिने असते हे त्याला माहीत होते.

आणखी एक आकडा सांगतो. तुमची मुलगी तिशीपर्यंत, नऊ हंगाम, एकही वर्ष न गमावता याच पगारावर खेळली, तर तिची सारी मिळकत ४३ लाख २० हजार होते. पॉलिसी त्यातले २४ लाख मागते, आणि शेवटचे हप्ते तर मुलीने मैदान सोडल्यावरही भरायचे राहतात. पगार वाढेल हे मी मान्य करतो. पण वाढेल त्या पगारातून बचत वाढवावी, न वाढलेल्या पगारावर देणे उभे करू नये.

युरोपविषयी लिहितो, कारण तुमच्या पत्रातील सारा भरवसा त्यावर आहे. बालादेवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली. मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोनकडून महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली आणि तसे करणारी पहिली भारतीय ठरली. पुढे ती ग्रीसच्या पाओककडे गेली. अशी नावे बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि त्या भारतीय संघातील अव्वल खेळाडू आहेत. तुमची मुलगी तिथवर पोहोचावी अशी माझीही इच्छा आहे. मात्र हप्ता भरण्याची सोय म्हणून त्या इच्छेकडे पाहता येत नाही. शिवाय बालादेवी मणिपूर पोलिसांत आहे, आणि जुलै २०२५ मध्ये थायलंडविरुद्ध दोन गोल करून भारताला आशियाई चषकाची पात्रता मिळवून देणारी मधल्या फळीतील संगीता बासफोर सशस्त्र सीमा बलात आहे. देशातील सर्वोत्तम खेळाडूंनीही खेळाबरोबर नोकरी धरून ठेवली, हे तुम्ही नीट पाहावे.

म्हणून बी.ए.ची राहिलेली परीक्षा मला दोन लाखांच्या हप्त्याहून महाग वाटते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे; कोणत्या स्पर्धेतील कोणती कामगिरी कोणत्या गटाच्या पदाला चालते हे ठरलेले असते आणि क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे करून घ्यावी लागते. परंतु ज्या पदाला पदवी लागते, तिथे पदवीवाचून क्रीडा प्रमाणपत्राचा उपयोग होत नाही. राहिलेले विषय मुंबई विद्यापीठाकडून कसे पूर्ण करता येतील याची चौकशी याच महिन्यात करावी. नियमित हजेरी जमत नसेल तर दूरस्थ शिक्षणाचा किंवा यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा पर्याय पाहावा. हंगाम नसलेल्या महिन्यांत महासंघाचा प्रशिक्षकाचा डी परवाना घेतला, तर पुढे जिल्ह्यातल्या शाळांतही काम मिळू शकेल. यासाठी लागणारे पैसे पॉलिसीच्या एका हप्त्याच्या तुलनेत किरकोळ आहेत.

गुडघ्याचाही विचार तुम्ही केलेला दिसत नाही. मधल्या फळीतील खेळाडू एका सामन्यात दहा किलोमीटरच्या आसपास धावते आणि सतत दिशा बदलते. गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलींना मुलग्यांपेक्षा दोन ते तीन पट असतो, आणि शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला नऊ महिने ते वर्ष लागते. म्हणजे एका दुखापतीत एक पूर्ण करार जातो. तुमच्या पॉलिसीत मृत्यूनंतर वारसांना पैसे मिळतात. तिच्या मिळकतीवर आज कोणी अवलंबून नसताना तिला त्याची गरज नाही, आणि गुडघ्यासाठी ती पॉलिसी एक रुपयाही देणार नाही. वैयक्तिक अपघात विमा घेताना अटी वाचाव्यात, कारण अनेक पॉलिसींत व्यावसायिक खेळातील दुखापत वगळलेली असते. तिच्या नावाने दहा लाखांचा आरोग्य विमा घ्यावा. तिच्या वयाला त्याचा खर्च वर्षाला दहा हजारांच्या आतबाहेर येतो आणि सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. प्रस्तावात व्यवसाय ‘व्यावसायिक फुटबॉलपटू’ असाच लिहावा, म्हणजे दाव्याच्या वेळी वाद होणार नाही.

दुसरा हप्ता भरू नका. पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ नंतरची असेल, तर पूर्ण वर्षाचा हप्ता भरलेला असल्यामुळे वर्ष संपल्यावर काही सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यास परत मिळणारी रक्कम, देणे कंपनीला भाग आहे. ती किती आणि पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर पॉलिसी चालू ठेवता येते का, हे कंपनीच्या शाखेकडून लेखी मागवा, भाच्याकडून तोंडी नको. भरलेल्या दोन लाखांपैकी बरेच बुडतील आणि त्याचे वाईट वाटेल. पण तीन वर्षांनी करार नसताना सहा लाख अडकून पडण्यापेक्षा ते नुकसान कमी आहे.

वाचलेल्या पैशांचे काय करायचे ते आपल्या किनाऱ्यावर वेगळे समजावून सांगायला नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि मच्छीमाराचे घर तेवढ्यासाठी आधीच बेगमी करून ठेवते. तुमच्या मुलीची बंदी चार महिन्यांची आहे आणि दुखापत झाली तर वर्षाची होईल. म्हणून आधी दीड लाख रुपये मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात, हवे तेव्हा काढता येतील असे ठेवावेत आणि दोन हंगामांत ती रक्कम तीन लाखांवर न्यावी. त्यानंतर उरेल ते पीपीएफ आणि शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या एखाद्या साध्या निर्देशांक फंडात, दरमहा बांधून न घेता हंगाम संपल्यावर जमेल तेवढे टाकावे. क्लब कापत असलेले दहा टक्के, म्हणजे वर्षाचे ४८ हजार, गेले असे समजू नका. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही. तिच्या नावाने मुदतीत विवरणपत्र भरले की ही रक्कम परत मिळते. गेल्या वर्षीचे भरले नसेल तर स्थानिक कर सल्लागाराला याच आठवड्यात भेटा.

तुमच्या पत्रात मुलीचे म्हणणे कुठेही नाही. पैसे तिचे आहेत, पॉलिसीवर सही तिची आहे, कर्जही तिच्याच नावावर निघणार होते. पगार तिच्या एकटीच्या खात्यात जमा होऊ द्या आणि घरासाठी जे द्यायचे ते तिने स्वतः ठरवून द्यावे. वडील म्हणून तुमचा मान त्याने कमी होत नाही. पुढचे पत्र तिनेच मला लिहावे आणि सोबत करारपत्राची प्रत पाठवावी. दुखापत झाल्यास शस्त्रक्रियेचा खर्च कोण करणार, त्या काळात पगार चालू राहणार का आणि क्लब मध्येच करार मोडू शकतो का, ही तीन कलमे नव्या कराराची बोलणी सुरू होण्याआधी वाचून घ्यायला हवीत.