मुलगी डॉक्टरकी सोडत नाहीये, ताई

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. मुलगी सरकारी कॉलेजात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मेडिसिनच्या वॉर्डात पोस्टिंग लागल्यापासून तिला एका प्रश्नाने धरून ठेवलंय: शेतात राबणाऱ्या, अंगाने बारीक बायकांना तिशी-पस्तिशीत शुगर कशी होते? आता ती म्हणते, डायबेटिस आणि हॉर्मोन्सवर संशोधन करीन. तिच्या बाबांचं मेडिकल आहे, शेजारचा गाळा तिच्या दवाखान्यासाठी घेऊन ठेवलाय, आणि घरात सगळ्यांना वाटतंय की एवढ्या कष्टाने डॉक्टर झालेली पोर उंदरांच्या पिंजऱ्यांपाशी आयुष्य काढणार. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: पेशंट सुटतील का, घर चालेल का, परदेशी जावं लागेल का.

पेशंट सुटतील या भीतीवर आधी आणि जरा सविस्तर लिहिते, कारण बाकीची उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण घ्या. त्यांच्याकडे येणारे मधुमेही पाश्चात्त्य पुस्तकांत वर्णन केलेल्यांसारखे नव्हते. वयाने लहान, वजनाने कमी. हे का, याचा शोध घेत ते पोटातल्या बाळापर्यंत गेले. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती बायकांचा अभ्यास सुरू झाला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. पण हे कमी वजन अंगभर सारखं कमी नव्हतं. स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार, असं हे भारतीय बाळ. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने डॉ. याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! पुढे त्याच गावांतली मुलं सहा वर्षांची झाली, तेव्हा असं दिसलं की ज्यांच्या आईच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण अधिक होतं. हे सगळं काम पेशंट बघणाऱ्या डॉक्टरच्या हातून झालंय, आणि ते आपल्या पुण्यात झालंय. तुमच्या मुलीने हे पेपर वाचले नसतील तर इतर काही करण्याआधी ते वाचावेत.

वाचल्यावर तिच्या लक्षात येईल की तिचा प्रश्न अजून सुटलेला नाही. बारीक माणसाची शुगर हा एकच आजार नसतो. कुणी वरून बारीक आणि आतून चरबीदार असतो. त्याच्या शरीरात इन्सुलिन बनतं, पण त्याचा परिणाम होत नाही. कुणी लहानपणापासून अर्धपोटी राहिलेला असतो, आणि त्याचं स्वादुपिंड पुरेसं इन्सुलिन बनवतच नाही. कुपोषणाशी जोडलेल्या या दुसऱ्या प्रकाराचं वर्णन १९५५ मध्ये जमैकात झालं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याला वर्गीकरणात जागा दिली आणि १९९९ मध्ये काढून टाकली. मग वेल्लोरच्या सीएमसी या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी न्यूयॉर्कच्या डॉ. मेरेडिथ हॉकिन्स यांच्या गटाबरोबर अशा रुग्णांची बारकाईने तपासणी केली आणि २०२२ मध्ये दाखवून दिलं की यांच्यात इन्सुलिनचा स्राव कमी आहे, पण शरीर त्याला चांगली दाद देतं. म्हणजे हा नेहमीचा टाइप २ नव्हे. २०२५च्या एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली. निकष, उपचार, औषधाची मात्रा यांवर अजून खूप काम व्हायचंय. ते काम अशा बायका ज्या वॉर्डात दाखल होतात तिथूनच होणार, आणि तुमची मुलगी आत्ता तिथेच उभी आहे. गावातल्या कुठल्याही डॉक्टरला उद्या तिच्या उत्तराचा उपयोग होईल, तुमच्या मेडिकलमध्ये चिठ्ठी घेऊन येणाऱ्या पेशंटलाही.

आता उंदरांबद्दल. मला त्यांची अजिबात अडचण वाटत नाही, आणि का ते सांगते. १९७१ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी एका बाईच्या आजाराची नोंद प्रसिद्ध केली. तिच्या मूत्रपिंडात हॉर्मोन स्रवणारी गाठ होती आणि लहान आतडं विलक्षण वाढलेलं होतं. गाठ काढल्यावर आतडं सुधारलं. नेमकं कुठलं द्रव्य हे करतंय, ते कळलं नाही. पुढे टोरांटोचे डॉ. डॅनियल ड्रकर यांच्या प्रयोगशाळेत तशाच गाठी असलेल्या उंदरांची आतडी वाढलेली दिसली, आणि १९९६ मध्ये त्यांनी दाखवलं की हे जीएलपी-२ या हॉर्मोनचं काम आहे. त्यावर आधारलेलं टेड्यूग्लुटाइड हे औषध २०१२ मध्ये मंजूर झालं. आतड्याचा मोठा भाग काढावा लागलेल्या लोकांना ते दिलं जातं. खाटेवरच्या एका रुग्णापासून औषधापर्यंत चाळीसेक वर्षं गेली, आणि मधला दुवा उंदरांनी जोडला.

हेच ड्रकर १९८४ मध्ये डॉक्टरकीचं शिक्षण संपवून बोस्टनला डॉ. जोएल हॅबनर यांच्याकडे गेले, ते थायरॉइडवर काम करायला. हातात पडला ग्लुकागॉन या साखर वाढवणाऱ्या हॉर्मोनचा जीन. जीएलपी-१ आणि जीएलपी-२ ही त्याच जीनमधून बनतात. १९८७ मध्ये त्यांच्यासह बोस्टन आणि कोपनहेगनच्या गटांनी जीएलपी-१ हे आतड्यातलं हॉर्मोन इन्सुलिन वाढवतं हे दाखवलं. तुमच्या मिस्टरांच्या दुकानात ज्यांची चौकशी होत असेल ती मधुमेहाची आणि वजन कमी करण्याची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं याच रस्त्याने आली. पण त्या रस्त्यावर सगळे डॉक्टर नव्हते. हॅबनर डॉक्टर, स्वेतलाना मॉयसॉव्ह रसायनशास्त्रज्ञ, आणि हे हॉर्मोन दिवसभर टिकणारं औषध बनवणाऱ्या डेन्मार्कच्या लोटे बियरे क्नुडसेन मुळात केमिकल इंजिनिअर. या तिघांना २०२४चा लास्कर हा वैद्यकीय संशोधनाचा पुरस्कार मिळाला. म्हणून तिने पुढे सहकारी निवडताना एमबीबीएसवाल्यांपुरतं पाहू नये. आयसर पुणे किंवा एनसीसीएस (पुण्यातली पेशीविज्ञानाची संस्था) इथे तिच्याच वयाची मुलं पेशींवर काम करत असतील, त्यांना पेशंट दिसत नाहीत, तिला दिसतात. अशी मैत्री मोलाची ठरते.

शिक्षणाचा क्रम मी असा सुचवेन. एमबीबीएस सोडून थेट पीएचडीचा विचार नको. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग नीट-पीजीतून तीन वर्षं एमडी, मग तीन वर्षं डीएम एन्डोक्रायनॉलॉजी, म्हणजे हॉर्मोन्सच्या आजारांतली एमडीनंतरची पदवी. मध्ये सरकारी बंधपत्राची सेवा. डीएम मुंबईच्या केईएममध्ये आहे, एम्स दिल्ली, पीजीआय चंदीगड, लखनौचं एसजीपीजीआय आणि सीएमसी वेल्लोरलाही आहे. जागा कमी, स्पर्धा मोठी. ती साधली नाही तर एमडी मेडिसिन किंवा एमडी बालरोग करूनही मधुमेहावर उत्तम संशोधन करता येतं. फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री यांत एमडी केलं तर ड्युटीचे तास बरे, संशोधनाला वेळही मिळतो, पण वॉर्ड सुटतो. तिचा प्रश्न वॉर्डातून आलाय, म्हणून तिच्यासाठी मी हा मार्ग दुसऱ्या क्रमांकावर ठेवेन.

डीएमपर्यंत थांबून मग संशोधन सुरू करू, हे मात्र मला मान्य नाही. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी एसटीएस नावाची योजना आहे. एक गाइड, एक छोटा प्रश्न, नैतिक समितीची मंजुरी आणि शेवटी अहवाल. तिने मेडिसिन विभागातल्या प्राध्यापकांना आजच भेटावं. प्रश्न लहानच असू दे: चाळिशीच्या आतल्या, बीएमआय कमी असलेल्या मधुमेही बायकांची कंबर, दंडाचा घेर, लहानपणच्या उपासमारीचा इतिहास आणि शाळा किती झाली, एवढी नोंद नीट ठेवता आली तरी खूप. सोबत बायोस्टॅटिस्टिक्स गंभीरपणे शिकावं. एमडीचा थिसिस अनेक ठिकाणी कसातरी उरकला जातो, तिचा तसा होऊ नये. गाइड निवडताना गाइडच्या नावापेक्षा एक गोष्ट तपासावी: त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांची नावं पेपरवर येतात का? चार ज्युनियर डॉक्टरांशी बोललं की समजतं.

पैशाचं खरं सांगते. रेसिडेन्सीत स्टायपेंड मिळतो, घरावर भार पडत नाही. पुढे मेडिकल कॉलेजात प्राध्यापकी किंवा संशोधन असलेल्या रुग्णालयात नोकरी केली तर मध्यमवर्गीय घर व्यवस्थित चालतं. तिची वर्गमैत्रीण चाळिशीला खासगी प्रॅक्टिसमध्ये तिच्याहून कितीतरी जास्त कमावेल, आणि तो फरक भरून निघणार नाही. हे तिला आणि तुम्हाला आत्ताच माहीत असलेलं बरं. त्याहून मोठी अडचण वेळेची आहे. आपल्याकडे ओपीडीची रांग संपत नाही, आणि संशोधनासाठी राखून ठेवलेला दिवस पहिल्याच गर्दीत खाल्ला जातो. म्हणून एमडीनंतर फेलोशिप शोधावी. आयसीएमआरच्या योजना आहेत, डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टच्या इंडिया अलायन्सने डॉक्टरांसाठी खास क्लिनिकल फेलोशिप दिल्या आहेत. अशा फेलोशिपमध्ये पगारासोबत संशोधनाला वेळ ठरवून मिळतो. मी पगारापेक्षा त्या वेळेला जास्त महत्त्व देईन.

तो गाळा मात्र विकू नका. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे डायबेटिसची ओपीडी चालवणारी संशोधक डॉक्टर ही कल्पना मला फार आवडते. सरकारी नोकरीत असेल तर खासगी प्रॅक्टिसचे नियम तेवढे आधी बघावेत.

परदेशाचं म्हणाल तर आत्ता घाई नाही. अमेरिकेतले सरकारी पैशावर चालणारे एमडी-पीएचडी कार्यक्रम बहुतांशी तिथल्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी आहेत, त्यांच्या जाहिरातबाज एजंटांना पैसे देऊ नका. एमडी किंवा डीएम झाल्यावर, हातात स्वतःचा डेटा असताना दोन-तीन वर्षं चांगल्या प्रयोगशाळेत जाणं वेगळं. तेव्हा ती काय शिकायला जाते आहे हे तिला ठाऊक असेल, आणि परत येऊन कुठल्या वॉर्डात बसायचं तेही.

तिला माझ्याशी थेट बोलायचं असेल तर जरूर लिहू द्या. त्या पत्रात मार्कांची यादी नको. वॉर्डातल्या त्या बायकांबद्दल तिने काय काय पाहिलं, ते सविस्तर लिहू दे.