शंका-समाधान: कार्डाने लिहिलेलं पेज कोणी टिपायचं?

प्रश्न: चालू व्हर्च्युअल मशीन न थांबवता दुसऱ्या सर्व्हरवर हलवण्याचं काम आमचा गट करतो. त्यात मधल्या काळात बदललेली मेमरी पुन्हा पाठवावी लागते. सीपीयूने बदललेली पेजेस (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) केव्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा लिनक्सचा भाग, सांगतो, पण मशीनला थेट जोडलेलं नेटवर्क कार्ड डीएमएने (सीपीयूला वगळून थेट मेमरीत) लिहितं ती पेजेस त्यात येत नाहीत. त्यासाठी कर्नलमध्ये नवा आयऑक्टल (प्रोग्रॅमने कर्नलला करायचा कॉल) लिहायचा आहे. त्याने बदललेल्या पेजेसची यादी द्यावी की बिटमॅप (दर पेजमागे एक बिट)? आणि नोंद वाचणं व पुसणं हे दोन वेगळे कॉल ठेवले तर चालतील का? — एक वाचक

उत्तर: दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे मी स्वतः तोंडघशी पडलो आहे.

नाही, चालणार नाही. मीही दोन कॉल ठेवले होते: एकाने आयओएमएमयूच्या (कार्ड वापरतं ते मेमरी-पत्ते रूपांतरित करणाऱ्या हार्डवेअरच्या) टेबलातले डर्टी बिट (‘हे पेज बदललं’ अशा खुणा) वाचायचे, दुसऱ्याने सगळे शून्य करायचे. सुरुवातीच्या चाचण्या छान पार पडल्या, कारण कार्ड जवळजवळ रिकामंच होतं. खरी रहदारी सुरू झाली आणि हलवलेल्या मशीनमध्ये फाइलींचे चेकसम जुळेनात. मी वाचून झाल्यावर आणि पुसण्याआधी कार्डाने जे लिहिलं, त्याचा बिट कुणी न पाहताच पुसला जात होता. मग प्रत्येक नोंद वाचता वाचताच अॅटॉमिक पद्धतीने, म्हणजे मध्ये दुसरं लेखन घुसू न देता, शून्य केली. तरी क्वचित एखादं पेज जुनंच जाई. हे दुसरं दुखणं शोधायला पहिल्यापेक्षा जास्त दिवस गेले.

आयओएमएमयू पत्त्यांची रूपांतरं आयओटीएलबी या आपल्या कॅशेत साठवतो. त्या साठवणीत ‘हे पेज आधीच डर्टी आहे’ असं असेल, तर पुढच्या लेखनाला तो टेबलाकडे वळूनही पाहत नाही. तुम्ही टेबलातला बिट पुसलात हे त्याला कळणार कसं? म्हणून आधी पुसायचं, मग आयओटीएलबी फ्लश (रिकामा) करायचा आणि त्यानंतरच बिटमॅप वापरणाऱ्याच्या हाती द्यायचा. पुसणं आणि फ्लश यांच्या मध्ये कार्डाने काही लिहिलं तरी बिघडत नाही, कारण पेजची नक्कल त्यानंतर होते आणि ते लेखन तिच्यात येतंच.

सीपीयूचं बरं असतं. पेजला लेखनबंदी केली की लिहिताना फॉल्ट येतो, आपण नोंद करतो, तो पुढे जातो. बहुतेक कार्डांना असं मध्येच थांबवता येत नाही, डीएमए सरळ फसतो. त्यामुळे बिट हार्डवेअरनेच लावावा लागतो.

आता यादी की बिटमॅप. ६४ जीबी मेमरीत ४ केबीची सुमारे १.६८ कोटी पेजेस होतात. त्यांचा बिटमॅप २ एमबीचा. यादीत प्रत्येक पत्त्याला ८ बाइट धरले, तर सगळं डर्टी असताना १२८ एमबी, शिवाय बफर भरला की पुढचं कुठून द्यायचं हा घोळ. बिटमॅपच घ्या. केव्हीएमही तोच देतो, म्हणजे दोन्ही नोंदी नुसत्या ऑर करून (कुठल्याही एकीत बिट लागला असेल तर तो धरून) एकत्र करता येतात.

पेजचा आकार मात्र वापरणाऱ्याला ठरवू द्या. मॅपिंग (टेबलातली पत्ता-रूपांतराची एक नोंद) २ एमबीचं असेल तर डर्टी बिट एकच असतो, आणि तो लागला की ४ केबीच्या हिशेबात ५१२ बिट लावावे लागतात, मग कार्डाने त्यात ६४ बाइट का लिहिलेले असेनात. जास्त सांगितलंत तर मशीन हलायला वेळ लागेल, एक बिट कमी सांगितलात तर डेटा बिघडेल. २०२० मध्ये व्हीएफआयओत (उपकरणं मशीनला थेट जोडू देणाऱ्या लिनक्सच्या भागात) आलेली सोय पिन केलेली (मेमरीत जागेवर अडकवलेली) सगळीच पेजेस डर्टी धरू शके. चूक काहीच नाही, पण दर फेरीला तेवढीच मेमरी पुन्हा पाठवायची तर मशीन हलणार कधी?

खरं तर नवा आयऑक्टल लिहिण्याआधी आयओएमएमयूएफडी, म्हणजे आयओएमएमयू हाताळू देणारा लिनक्सचा भाग, वाचा. लिनक्स ६.७ पासून, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, त्यात ही सोय आहे, इंटेल आणि एएमडी दोन्हींसाठी. काही कार्डं स्वतःच नोंद ठेवतात, त्यांच्यासाठी व्हीएफआयओत वेगळी वाट आहे.

आयओएमएमयूएफडीतला ‘नो क्लिअर’ (वाचा, पण पुसू नका) हा फ्लॅग मला सुरुवातीला निरुपयोगी वाटला होता. मॅपिंग काढून टाकण्याआधी शेवटचं वाचन करताना तो लागतो. मॅपिंग काढताना आयओटीएलबी फ्लश होणारच असतो, मग बिट पुसून तोच खर्च दोनदा कशाला करायचा?