संपाने बिघडवला की कात्रीने?
वाचकांचे प्रश्न : ‘क्वांटम ऑफ सोलेस’

बाँडपटांविषयी प्रश्न पाठवा, असे मागच्या अंकात म्हटले होते. सर्वाधिक पत्रे एकाच चित्रपटावर आली, तो २००८ चा ‘क्वांटम ऑफ सोलेस’, म्हणजे २००६ च्या ‘कसिनो रॉयल’चा थेट पुढचा भाग. निम्मे वाचक त्याला बाँडपट मानायलाच तयार नाहीत. उरलेल्यांच्या मते एवढा अन्याय मालिकेतल्या दुसऱ्या कुठल्या चित्रपटावर झालेला नाही. निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : लेखकांच्या संपामुळे या चित्रपटाची वाट लागली, असे जिथे तिथे वाचायला मिळते. आमचे मेव्हणे तर म्हणतात, संप नसता तर हा ‘कसिनो रॉयल’च्या वर गेला असता. यात खरे किती? (सांगली)

मेव्हण्यांना निम्मे गुण द्या. अमेरिकेतल्या पटकथाकारांचा संप ५ नोव्हेंबर २००७ ला सुरू झाला आणि १२ फेब्रुवारी २००८ ला मिटला. पॉल हॅगिस यांनी आपला खर्डा संप सुरू होण्याच्या काही तास आधी दिला होता. नील पर्व्हिस आणि रॉबर्ट वेड यांचे काम त्याच्या आधीचे. चित्रीकरण जानेवारीत सुरू झाले. म्हणजे पटकथा नव्हतीच असे नाही. ती कच्ची होती, एवढेच. एवढ्या मोठ्या चित्रपटाचे लेखन सेटवरही चालूच असते. लोकेशन बदलले की प्रसंग बदलतो, नटाच्या तोंडी वाक्य बसत नाही, दोन प्रसंगांचा एक करावा लागतो. नेमकी हीच डागडुजी करणारे लोक हजर नव्हते. नायक डॅनियल क्रेग आणि दिग्दर्शक मार्क फॉर्स्टर हे दोघेच प्रसंग दुरुस्त करत होते, हे क्रेगने पुढे उघड सांगितले, आणि लेखन हा आपला प्रांत नव्हे हेही कबूल केले.

त्याच्या खुणा कुठे दिसतात? खलनायक डॉमिनिक ग्रीनला स्वतःचा असा एकही मोठा प्रसंग नाही. माथ्यू अमाल्रिक डोळ्यांनी आणि किंचित लाळघोट्या हसण्याने जेवढे देतो तेवढेच. त्याचा हस्तक एल्व्हिस विचित्र केशरचनेपलीकडे काय करतो, हे आठवून पाहा. ब्रिटिश पंतप्रधानांचा सल्लागार गाय हेन्स हा ‘क्वांटम’ या शत्रूच्या टोळीतला निघतो आणि तो धागा तसाच लोंबकळत राहतो.

मात्र पाठलागांतली कापाकापी संपाच्या माथी मारता येत नाही. चित्रीकरण जूनपर्यंत चालले, म्हणजे संप मिटून चार महिने झाले होते. ऑक्टोबरअखेर लंडनला प्रीमियर ठरलेला असल्याने संकलनाला वेळ कमी पडला, हे खरे. पण ती शैली विचारपूर्वक निवडलेली होती. लोक दोन वेगळ्या तक्रारी एका संपात कोंबतात आणि मग वाद मिटत नाही.

प्रश्न : सुरुवातीचा गाड्यांचा पाठलाग मोठ्या टीव्हीवर पुन्हा पुन्हा पाहिला. कोण कोणाला धडकतो तेच कळत नाही. दोष टीव्हीचा, डोळ्यांचा की चित्रपटाचा? (पुणे)

डोळे ठीक आहेत. पाठलाग पाहताना आपल्याला तीन गोष्टी कळाव्या लागतात : पुढे कोण, कुठल्या दिशेने, किती अंतरावर. एका रुंद शॉटमध्ये हे एकदा दाखवले की पुढे कितीही जवळचे आणि छोटे शॉट लावा, डोके हिशेब ठेवते. इथे गार्डा सरोवरावरून तरंगत जाणारा कॅमेरा आणि मध्येच चाक, आरसा, बाँडचा डोळा यांचे तुकडे येतात, आणि पुढच्या क्षणी आपण थेट बोगद्यातल्या धुमश्चक्रीत. बाँडची अॅस्टन मार्टिन गडद राखाडी, मागच्या अल्फा रोमिओ काळ्या, बोगद्यात उजेड अर्धामुर्धा. गडद गाडीमागे गडद गाडी, त्यात शॉट सेकंदभराचे. ओळख पटायच्या आत कट. चालकाच्या बाजूचे दार उखडले जाते तेव्हा कुठे बाँडची गाडी हमखास ओळखू येऊ लागते.

आता त्याच पाठलागाचा काराराच्या संगमरवरी खाणींतला भाग पाहा. कापण्याचा वेग जवळपास तोच, पण मागे पांढरा दगड, पांढरी धूळ. गाड्या ठसठशीत दिसतात आणि गोंधळ निम्म्याने कमी होतो. ‘फार भरभर कापलाय’ हे निदान म्हणून अर्धेच बरोबर. वेग, उजेड आणि रंग तिन्ही एकदम विरोधात गेले की डोळा हार मानतो.

ही शैली आली कुठून, तर ‘बोर्न’ या हेरपटांच्या मालिकेतून. साहसदृश्ये टिपणाऱ्या सेकंड युनिटचे दिग्दर्शक डॅन ब्रॅडली आणि दोन संकलकांपैकी एक, रिचर्ड पिअर्सन, हे दोघेही त्या मालिकेत काम केलेले. तिथे नायकालाच आपण कोण हे ठाऊक नसते; प्रेक्षकाचे गोंधळणे कथेत मुरते. बाँडचा प्रेक्षक कसरत अख्खी पाहायला आलेला असतो. १९७७ च्या बाँडपटात स्कीवरून कड्याबाहेर झेप घेणारा माणूस पॅराशूट उघडेपर्यंत सलग दिसतो, आणि ती झेप आजही लोकांच्या ध्यानात आहे. ‘कसिनो रॉयल’मध्ये क्रेनवरचा पाठलाग उंची नीट मोजून दाखवतो. त्या चाहत्याला इथे आपल्या पैशांचा माल तुकड्यांत मिळाल्यासारखे वाटते. जो बोर्न पाहून बाँडकडे आला, त्याला हीच गोष्ट आधुनिक वाटते. वादाचे मूळ बरेचसे इथेच आहे.

टीव्हीचेही थोडे ऐका. सेटिंगमधले मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद करा. छोट्या शॉटवर ते सरबरीत कडा तयार करते. संवाद पुटपुटल्यासारखे येत असतील तर आवाजाचा पर्याय ५.१ ऐवजी स्टिरिओ करा. टीव्हीच्या दोन स्पीकरवर मधल्या चॅनेलचे बोलणे अनेकदा दबते. या चित्रपटात संवाद आधीच मोजके आहेत, अर्धे वाक्य निसटले तरी कथा हातची जाते. सबटायटल लावलेली बरी.

प्रश्न : सिएनाची घोड्यांची शर्यत आणि ऑपेरा, दोन्हीकडे एक सोहळा आणि एक मारामारी आलटून पालटून दाखवली आहे. मग एकाला नावे आणि दुसऱ्याचे कौतुक का? (ठाणे)

नेमके बोट ठेवलेत. पालिओ ही शर्यत सिएनाच्या भर चौकात २ जुलै आणि १६ ऑगस्टला होते. खरी दृश्ये ऑगस्ट २००७ मध्ये, म्हणजे मुख्य चित्रीकरणाच्या कितीतरी आधी टिपून ठेवली होती. तिकडे घोडे धावतात, इकडे बाँड जमिनीखालच्या जुन्या पाणवाटांतून फितूर मिचेलच्या मागे. पण शर्यतीत कोण जिंकतो याच्याशी आपले देणेघेणे नाही आणि पाठलागाचा शर्यतीवर काही परिणाम नाही. दोन गोष्टी एकाच वेळी घडताहेत, एवढेच कट सांगतो. ताण दुप्पट व्हायचा तो वाटला जातो. त्यानंतर घुमटाखालच्या परांचीवर दोरखंड, नळ्या आणि काचा यांचा असा काला होतो की वर कुठे आणि खाली कुठे याचा पत्ता लागत नाही. शेवटी दोरीला लोंबकळणाऱ्या बाँडचा हात पिस्तुलाकडे सरकतो, तो क्षण मात्र लक्षात राहतो. कारण कॅमेरा तिथे घटकाभर थांबतो.

ब्रेगेन्झला, ऑस्ट्रियात, सरोवरावर बांधलेला रंगमंच आहे. तिथल्या, पुच्चिनीच्या ‘तोस्का’ या ऑपेराच्या प्रयोगातला तो महाकाय डोळा खऱ्या निर्मितीचाच आहे, चित्रपटाने बनवलेला नाही. टोळीचे सदस्य प्रेक्षकांत विखरून बसले आहेत आणि कानातल्या यंत्रावर बैठक चालू आहे. बाँड मध्येच बोलतो, ते घाबरून उठतात. जे उठले ते आपोआप उघडे पडले, आणि बाँड त्यांचे फोटो काढतो. टोळीतला बडा माणूस मिस्टर व्हाइट तेवढा जागचा हलत नाही. संवाद जेमतेम, पण प्रत्येकाचा स्वभाव कळून जातो.

मग गोळीबार सुरू होतो आणि बंदुकांचा आवाज जवळजवळ पुसला जातो, उरतो फक्त पुच्चिनी. रंगमंचावर स्कार्पिया हा पोलिसांचा क्रूर प्रमुख, आणि खाली प्रतिष्ठित वेशातले तसलेच लोक. इथे एक दृश्य दुसऱ्यावर भाष्य करते. शिवाय साधी सोय अशी की सगळा प्रेक्षागृह एकाच दिशेला तोंड करून बसलेला. कोण कुठे आहे हे पहिल्याच शॉटमध्ये कळते. हाच दिग्दर्शक, हेच संकलक. सबंध चित्रपट असा कापला असता तर ही पत्रे आलीच नसती.

जाता जाता : पृथ्वी, जल, वायू, अग्नी अशा चार तत्त्वांवर मुख्य साहसदृश्ये बेतायची, अशी फॉर्स्टरची कल्पना होती. कागदावर छान. पडद्यावर किती जणांच्या लक्षात आली, कोण जाणे.

प्रश्न : २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ते पाहिलेल्या आम्हाला खलनायकाचा पाणी अडवण्याचा डाव मुळीच फुसका वाटत नाही. मग बाहेरचे समीक्षक त्याची टर का उडवतात? आणि जमिनीखाली धरण असते का? (लातूर)

असते, आणि ते तुमच्याकडेही आहे. भूमिगत बंधारा म्हणजे तेच : नदीच्या पात्रात आडवा चर खणून थेट खालच्या कातळापर्यंत जायचे, मग चिकणमातीने किंवा प्लास्टिकच्या जाड कापडाने तो भरून वाळूतून वाहणारे पाणी अडवायचे. वरच्या अंगाच्या विहिरींना पाणी वाढते. बेताल बांधला तर खालच्या अंगाच्या कोरड्या पडतात. ग्रीन करतो ते हेच, फक्त चित्रपटाने त्याचे भुयारातले मोठे तळे आणि भिंत केली आहे.

ग्रीनचा डाव बोलिव्हियात घडतो, आणि तो संदर्भही हवेतला नाही. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहराचा पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे गेला, दर भडकले, लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिल २००० मध्ये करार रद्द करावा लागला. चित्रपटात सत्ता बळकावू पाहणाऱ्या जनरल मेद्रानोच्या सहीसाठी ठेवलेल्या कागदात पाण्याचा दर दुप्पट आहे. सगळा देश लुटायला एवढे पुरते.

टर उडते ती मांडणीची. तेल नव्हे, पाणी, हे कळते कसे? विमान पडले, बाँड आणि त्याची साथीदार कमिल योगायोगाने नेमक्या त्याच विवरात कोसळले, म्हणून. भांडी घेऊन नळाशी उभे राहिलेले गावकरी दिसतात ते काही क्षण. हंडा, टँकर, रात्री दोनला उठून लावलेली रांग ज्यांना ठाऊक आहे ते उरलेले स्वतः भरून घेतात. ज्यांना नळ सोडला की पाणी एवढेच ठाऊक, त्यांना ‘पाण्याचे बिल’ हे बाँडच्या शत्रूला शोभेसे वाटत नाही. त्यात फील्ड्स या तरुण अधिकारी बाईला खनिज तेलात बुडवून मारलेले दाखवले, १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’मधल्या सोन्याने माखलेल्या मुलीची आठवण म्हणून. कथेत ती दिशाभूल आहे, पण ऐन मोक्याला लोकांचे लक्ष पुन्हा तेलाकडे गेले.

वाळवंटातले ते हॉटेल म्हणजे चिलीतल्या पारानाल वेधशाळेचे निवासस्थान. तो टापू चिलीने १८७९ मध्ये सुरू झालेल्या युद्धात बोलिव्हियाकडूनच जिंकला होता. तिथे बोलिव्हियाचे चित्रण होते म्हणून जवळच्या गावचा महापौर संतापून गाडीसकट चित्रीकरणात घुसला होता!

प्रश्न : मित्र म्हणून मेलेल्या मॅथिसला बाँड कचऱ्याच्या पेटीत टाकतो, हे माफ कसे करायचे? आणि हा चित्रपट ‘कसिनो रॉयल’नंतर तासाभरात सुरू होतो तर मॅथिसला इटलीत बंगला कधी मिळाला? (कोल्हापूर)

माफ करू नका. चित्रपटालाही ते नको आहे. बाँड आधी त्याला मरेपर्यंत कवेत धरतो आणि मग पाकिटातले पैसे घेऊन निघतो. कमिल त्याला त्याबद्दल विचारते, त्याचे उत्तर कोरडे. ज्यांना बाँड सुसंस्कृत हवा त्यांचा इथे संताप होतो. आमच्या मते हा प्रसंग शेवटच्या कझानच्या प्रसंगासोबत पाहायला हवा. तिथे बाँडची दिवंगत प्रेयसी व्हेस्पर हिला फसवणारा युसेफ समोर असूनही बाँड त्याला जिवंत सोडतो. दोन्ही टोके कथेला हवी होती, फक्त मधला प्रवास घाईत उरकला आहे.

बंगल्याचे कोडे सुटते. ‘तासाभरात’ हे मिस्टर व्हाइटला सरोवराकाठच्या घरी गोळी घालण्यापासून मोजायचे. व्हेनिसमधला व्हेस्परचा मृत्यू आणि ते घर यांच्यात किती दिवस गेले हे ‘कसिनो रॉयल’ सांगत नाही. फितुरीच्या संशयावरून मॅथिसची चौकशी, सुटका आणि भरपाईचा बंगला, सगळे त्या फटीत बसते. बाँडच्या अंगावरचा सूट मात्र कुठल्याच फटीत बसत नाही. तिकडे वेस्टकोटासह तीन तुकड्यांचा, इकडे दोनच.

थोडक्यात

*गाय हेन्सचे पुढे काय झाले?* (नाशिक) बाँड त्याला आणि मिस्टर व्हाइटला गाठतो, असा शेवट चित्रित झाला होता. पुढच्या चित्रपटाचे हात बांधले जाऊ नयेत म्हणून तो गाळला. पुढच्या चित्रपटाने, २०१२ मध्ये, या टोळीचे नावही काढले नाही. जुन्या बाँडपटांतल्या शत्रूसंघटनेचे ‘स्पेक्टर’ हे नाव वापरण्याचा हक्क २०१३ मध्ये निर्मात्यांकडे आला आणि २०१५ मध्ये ही टोळी त्याच्या पोटातली एक शाखा ठरली.

*शीर्षकाचा अर्थ?* (बेळगाव) बाँडचा जनक इयान फ्लेमिंग याच्या १९५९ च्या कथेतून फक्त नाव घेतले आहे. दोन माणसांत आधाराचा किमान अंश उरला नाही की नाते संपले, असे कथेत म्हटले आहे. त्या कथेत बाँड जवळजवळ फक्त ऐकत बसतो.

*नव्याने पाहायचा तर कसा?* (मडगाव) ‘कसिनो रॉयल’ १४४ मिनिटांचा, हा १०६ मिनिटांचा, मालिकेतला सर्वांत छोटा. दोन्ही एका बैठकीत नको. आदल्या रात्री ‘कसिनो रॉयल’ विषप्रयोगाच्या प्रसंगापासून पाहा आणि चार नावे ध्यानात ठेवा : व्हेस्पर, मॅथिस, मिस्टर व्हाइट आणि व्हेस्परचा पळवून नेलेला प्रियकर. त्याचा चेहरा तिकडे महत्त्वाचा नाही, व्हेस्परच्या गळ्यातल्या गाठीच्या दागिन्याकडे लक्ष असू द्या. आणि नेहमीचा पिस्तुलाच्या नळीचा शॉट सुरुवातीला दिसला नाही म्हणून चुकीची प्रत लावली असे समजून बंद करू नका. तो इथे अगदी शेवटी आहे.