काकांची डर्टसाठी (कच्च्या, चिखलाच्या वाटेवर पळवायला) बनवलेली, उंच हँडल बसवलेली यज्दी मोटरसायकल १२ वर्षं शेडमध्ये उभी होती. आता क्लच दाबून पहिला गिअर टाकला तरी गाडी उडी मारून बंद पडते. क्लचच्या प्लेटा बदलू का?

नका बदलू, निदान बघितल्याशिवाय तरी नका. एवढ्या लक्षणावर प्लेटा गेल्या म्हणणारा मिस्त्री मला पटत नाही.

काकांनी उंच हँडल बसवलंय असं तुम्ही लिहिलंय. मूळ क्लच वायर तेवढ्या लांबीची नसते. ती ताणली तरी जाते नाहीतर कुठेतरी वाकडी वळवलेली असते, त्यात आत वाळलेला चिखल. वायरचा दोष की प्लेटांचा, हे ओळखायची सोय यज्दीतच आहे. किकचा दांडा तोच गिअरचा, आणि तो दाबला की वायरचा संबंध न येता क्लच आपोआप सुटतो, म्हणजे इंजिन आणि चाक एकमेकांपासून मोकळे होतात. इंजिन बंद ठेवून गिअरमध्ये टाका, दांडा पायाने दाबूनच धरा आणि कोणाला तरी गाडी ढकलायला लावा. मोकळी चालली तर प्लेटा सुटताहेत, वायर बघा. चाक इंजिनला ओढत असेल तर प्लेटा चिकटल्यात.

चिकटल्या असतील तर एक करू नका. गाडी गरम करायची, क्लच दाबून पहिल्यात टाकायची आणि ॲक्सिलरेटर-ब्रेकचे झटके द्यायचे, हा उपाय तुम्हाला दहा जण सांगतील. आमच्या घरात यावरून भांडण झालंय.

वडिलांची यज्दी रावेरकडे मळ्यात, पंपाच्या खोलीत उभी होती. केळीचा मळा म्हणजे बारमाही ओल, आणि उन्हाळ्यात वर पत्रा तापलेला. गाडी उभी राहिली की ऑइल खाली उतरतं, वरचा भाग कोरडा पडतो, लोखंडी प्लेटांना गंज धरतो आणि त्यांच्यामध्ये आळीपाळीने बसवलेल्या बुचाच्या (कॉर्कच्या) प्लेटा त्यांना घट्ट बसतात. वडील गेल्यावर मी ती चालू करायला घेतली तेव्हा आखाजी (अक्षय्य तृतीया) होती. ताई माहेरी आलेली, सोबत दाजी. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि रस झाल्यावर सगळे आडवे झाले, दाजी मात्र थेट गाडीपाशी. त्यांचं म्हणणं, उतारावर नेऊ, दोन झटक्यांत सुटेल. गावातला मिस्त्री तिथेच बसलेला, तो म्हणाला, "तुना क्लच गया, प्लेटा बदली टाक." मी दोघांनाही हात लावू दिला नाही. जावयाचा मान ठेवला नाही म्हणून दाजी रुसले, आईला मध्ये पडावं लागलं, ताई संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

पण मी बरोबर होतो आणि आजही तेच सांगेन. चिकटलेल्या बुचाला झटका दिला की ते जोडातूनच सुटेल याची काय खात्री? बुचाचाच लचका निघतो. तो चुरा प्लेटांमध्ये अडकतो, ऑइलमध्ये फिरतो. वर झटक्याचा सगळा मार इंजिनकडून क्लच फिरवणाऱ्या प्रायमरी चेनवर आणि गिअरच्या दातांवर. यज्दीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्या काळच्या प्लेटा कोणी परत बनवून देणार नाही, आणि आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच प्लेटांचं बूच माझ्या मते टाकाऊ आहे.

मी ऑइल काढलं, डावं कव्हर उघडलं, स्प्रिंगा काढल्या. प्लेटांचा अख्खा गठ्ठा एकत्रच बाहेर आला. तो रॉकेलच्या घमेल्यात भिजत ठेवला आणि मग जुन्या ब्लेडने कडेकडेने एकेक प्लेट सोडवली. घाई केली नाही. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून लोखंडी प्लेटा घासल्या; त्याच काचेवर प्लेट डुगडुगते का तेही कळतं, डुगडुगली तर ती वाकलीय. क्लच बेलच्या, म्हणजे प्लेटा ज्या डब्यात बसतात त्याच्या, खाचांमध्ये प्लेटांनी पाडलेले खड्डे बोटाने चाचपून बघा. प्लेट तिथे अडकली की क्लच अर्धाच सुटतो, आणि डर्टमध्ये रगडलेल्या गाडीत हे हमखास सापडतं. स्प्रिंगा शेजारी-शेजारी उभ्या करून उंची बघा. बुचाच्या प्लेटा रात्रभर ऑइलमध्ये भिजवून मगच बसवा. त्याच जुन्या प्लेटांवर मी गाडी सातपुड्यातल्या पालच्या चढावर नेली, क्लच कुठे घसरला नाही.

दाजींनी नंतर स्वतःच्या यज्दीवर झटक्याचा प्रयोग केला. कव्हर मीच उघडून दिलं, आत बुचाचा भुगा होता. ते अजूनही म्हणतात की त्यांच्या प्लेटा आधीच कुजलेल्या होत्या. असतीलही, पण मग झटका द्यायच्या आधी उघडून बघायला काय हरकत होती?

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. बूच काळं, कडक, चकचकीत झालं असेल किंवा कडा तुटल्या असतील तर प्लेटा बदलाव्याच लागतील, तिथे माझा हट्ट नाही. नव्या प्लेटाही भिजवूनच बसवा. ऑइल कारचं टाकू नका. डब्यावर जासो एमए (JASO MA, म्हणजे ऑइलमध्ये भिजणाऱ्या क्लचच्या मोटरसायकलींसाठीचं ऑइल) लिहिलेलं बघून घ्या, नाहीतर सुटलेला क्लच घसरायला लागेल. आणि क्लच नीट झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नसेल, गिअरबॉक्सचं ऑइल कमी होत असेल, तर इतकी वर्षं उभं राहून क्रँकचं ऑइल सील वाळलंय आणि इंजिन ते ऑइल ओढतंय. कव्हर उघडलेलंच आहे तर तेही आत्ताच बघून घ्या, परत पॅकिंग फाडावं लागणार नाही.