सात वर्षांच्या मुलीसाठी ट्रायऑप्स आणावेत का, म्हणजे खोक्यात वाळक्या अंड्यांच्या रूपात मिळणारे, पाण्यात भिजवून वाढवायचे कोळंबीच्या नात्यातले छोटे जीव? खोक्यावर 'डायनासोरच्या आधीचा जीव' लिहिलंय, ते खरं आहे का? आणि घरात जगतात का ते?

जगतात. मी आजवर पाच वेळा अंडी भिजवली. दोन खेपा पार वाया गेल्या आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती.

आधी खोक्यावरच्या मजकुराचं बघू. तो निम्मा खरा आहे. ट्रायऑप्स ज्या नोटोस्ट्राका गटात मोडतात, त्याचे जीवाश्म ३५ कोटी वर्षांहून जुन्या खडकांत सापडलेत, म्हणजे डायनासोर तेव्हा यायचेच होते. अंगाची ठेवणही तेव्हापासून फारशी बदललेली नाही: पुढे ढालीसारखं कवच, खाली पानांसारख्या पायांच्या रांगा, मागे दोन शेपट्या. पण आज तुमच्या काचेच्या भांड्यात पोहणारी जात तेवढी जुनी नाही. २०१३ साली या गटाच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की हल्लीच्या जाती त्या मानाने बऱ्याच अलीकडे वेगळ्या झाल्या. घराणं जुनं, माणसं नवी, असा प्रकार. मुलीला मात्र यातलं काही सांगू नका, तिच्यासाठी तीन डोळे पुरेसे आहेत. ट्रायऑप्स या ग्रीक नावाचा अर्थच त्रिनेत्र. दोन मोठे डोळे आणि त्यांच्या जवळच मधोमध एक बारीकसा तिसरा.

हे 'सी मंकी' नव्हेत, यातही गल्लत होते. तेही असेच अंड्यांतून निघणारे छोटे जीव, पण ते आर्टेमिया, त्यांना खारं पाणी लागतं. ट्रायऑप्स गोड्या पाण्यातले.

आता पाणी, कारण सगळं तिथेच अडतं. पहिल्या खेपेला मी नळाचं पाणी भरलं आणि आठवडाभर भांड्याकडे बघत बसले. काही म्हणजे काही झालं नाही. हे प्राणी पावसाने भरणाऱ्या डबक्यांतले. डबकं आटत जातं तसे त्यातले क्षार वाढतात, आणि नवा पाऊस पडला की पाणी एकदम पातळ होतं. अंड्याला ती खूण लागते. क्षार जास्त असले की ते समजतं, डबकं आटायला आलंय, आता बाहेर पडण्यात अर्थ नाही. म्हणून सुरुवातीला डिस्टिल्ड वॉटरच घ्या. 'मिनरल वॉटर' नको, नावातच घोळ आहे. पाणी २४ ते २८ अंशांवर राहू द्या आणि वर दिवा लावून ठेवा. अंधारात अंडी ढिम्म हलत नाहीत.

दिवस दीड दिवसात, क्वचित तीन दिवसांत, पांढरे ठिपके दिसतील, पाण्यात झटके देत फिरणारे. उघड्या डोळ्यांना धूळच वाटते. टॉर्च एका बाजूने धरा, सगळे उजेडाकडे धावतात, मग मोजता येतात.

इथेच माझी दुसरी खेप मेली. एवढेसे जीव, उपाशी असतील, म्हणून मी चिमूटभर खाणं टाकलं. रात्रीत पाणी दुधाळ झालं आणि सकाळी एकही ठिपका हलत नव्हता. पहिले दोन-तीन दिवस काही घालू नका. अंड्यांसोबत जो काडीकचरा येतो, त्यावर वाढणारे सूक्ष्मजीव त्यांना पुरतात. पुढे टूथपिकचं टोक ओलं करून स्पिरुलिनाच्या (हिरव्या शेवाळासारख्या भुकटीच्या) पुडीत टेकवायचं, टोकाला चिकटेल तेवढंच. आठवड्याभराने माशांचं खाणं चुरून, गाजराचा कीस, काहीही चालतं. भावंडंही चालतात, हे आधीच सांगून ठेवते. तीस जन्मले तर शेवटी तीन-चार उरतात आणि बाकीचे कुठे गेले हे विचारायचं नसतं. थोडं मोठं भांडं, तळाला बारीक वाळू आणि पोटभर खाणं दिलं तर मारामारी कमी होते, थांबत नाही.

वाढ बघणं हा खरा मजेचा भाग. सकाळी आणि रात्री मापात फरक दिसतो. त्यासाठी ते सारखी कात टाकतात. माझ्या तिसऱ्या खेपेत एकदा तळाशी पारदर्शक ट्रायऑप्स पडलेला दिसला. पाय, शेपट्या, डोळ्यांच्या जागा, सगळं जागच्या जागी. गेला बिचारा म्हणून मी चमच्याने उचलायला गेले, तर मागून तोच आला आणि आपलीच कात कुरतडायला लागला. तेव्हापासून कुणाला मेलेलं ठरवायच्या आधी मी डोकी मोजते.

ते पाण्याच्या वरच्या थरात उताणे पोहायला लागले तर मात्र लक्ष द्या. अधूनमधून गंमत म्हणून पोहतात, पण सगळेच दिवसभर वर आले आणि अंगावर गुलाबी झाक चढली, तर पाण्यात प्राणवायू कमी पडतोय. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, प्राणवायू घटला की ते वाढतं, म्हणून तो रंग. चौथाई पाणी बदला, तेही त्याच तापमानाचं. पिल्लं मोठी झाल्यावर साठवून ठेवलेलं, क्लोरीन उडालेलं नळाचं पाणी थोडं थोडं मिसळलं तरी चालतं. तांब्याचा अंश असलेलं माशांचं औषध चुकूनही नको, कवचवाल्या प्राण्यांना ते विष आहे.

मुलीला आधीच सांगा की हे फार दिवसांचे पाहुणे नाहीत. दोन महिने, फार ओढलं तर तीन. पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच ते वाळू उकरायला लागतात. पायांच्या अकराव्या जोडीवर छोट्या पिशव्या असतात, त्यातली अंडी ते वाळूत पुरतात. बऱ्याच जातींत जोडीदारही लागत नाही, एकटा उरलेलाही अंडी घालतो. म्हणून मी मुलांना प्राणी दाखवताना वाळूच जास्त दाखवते. शेवटचा गेला की पाणी हळूहळू आटू द्या, वाळू खडखडीत वाळवा आणि महिनाभर तशीच राहू द्या. कोरडी अंडी वर्षानुवर्षं टिकतात. पुन्हा भिजवली की सगळी एकदम फुटत नाहीत, काही पुढच्या खेपेसाठी थांबतात. पहिलं डबकं लवकर आटलं तर वंश बुडू नये, म्हणून ही सोय. तेव्हा एकदा भिजवून काही निघालं नाही तर वाळू टाकू नका, पुन्हा वाळवा, पुन्हा भिजवा.

उरलेले प्राणी किंवा ही वाळू तळ्यात, नाल्यात सोडू नका. परदेशी जात असेल तर तिथल्यांना त्रास.

आणि वाळूच्या पाकिटावर तारखेच्या खाली 'फेकू नये' असं मोठ्या अक्षरात लिहा. माझ्या चौथ्या खेपेची वाळू घरच्यांनी कुंडीत घातली. अजून प्रत्येक वेळी पाणी घातल्यावर मी त्या कुंडीत डोकावते.