कॉन्व्हेंट म्हणजे शाळाच ना?

प्रश्न: ताई, मे महिन्यात फॅमिलीसोबत जुन्या गोव्याला गेलो होतो, तिथल्या ख्रिस्ती कलेच्या म्युझियममध्ये गाइड म्हणाला की हे सांता मोनिकाचं कॉन्व्हेंट. मला तर कॉन्व्हेंट म्हणजे इंग्लिश मीडियमची शाळा एवढंच माहीत! मग नन्स गेल्या कुठे? आणि देवाधर्माच्या जागेत तिकीट लावून म्युझियम काढणं बरोबर वाटतं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: अहो, लाजू नका, आपल्याकडे निम्म्या लोकांना कॉन्व्हेंट म्हणजे टाय आणि बूटच आठवतात. मूळ अर्थ नन्सचा मठ. सांता मोनिकाचं काम 1606 ला सुरू झालं, 1627 ला पुरं झालं, 1636 मध्ये आग लागली आणि लगेच पुन्हा बांधून काढलं. नन्सना कुणी बाहेर काढलं नाही हो. पोर्तुगीज सरकारने 1834-35 च्या सुमारास धार्मिक संघ बंद केले तेव्हा ज्या आत होत्या त्यांना राहू दिलं पण नवीन मुलगी घ्यायची नाही असा नियम, म्हणजे एकेक करत म्हाताऱ्या होत गेल्या आणि शेवटची नन 1885 मध्ये वारली. एवढ्या तीन मजली वाड्यात शेवटी एकटी बाई, कसे काढले असतील ते दिवस!

तिकिटाचं म्हणाल तर मला त्यात काही खटकत नाही. आणि म्युझियम एका भागातच आहे, बाकी इमारतीत 1964 पासून मातेर देई ही नन्सच्या शिक्षणाची संस्था, म्हणजे जागा फिरून बायकांच्या अभ्यासालाच आली की.

त्याच टेकडीवर, अगदी समोरच, सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा बघितलात ना? तोही मठच, पण 1835 मध्ये रिकामा केला आणि नंतर कुणी वापरलाच नाही. गोव्याचा पाऊस काय असतो ते सांगायला नको, चिऱ्याच्या भिंतीवरचा गिलावा गेला, कुठे झाड उगवलं, कौल सरकलं, आणि बघायला घरात माणूसच नाही. 1842 मध्ये चर्चचं छत कोसळलं, म्हणजे फक्त सात वर्षांत! 1931 मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा बराचसा भाग पडला. आज उरलाय तो साधारण 46 मीटर.

घंटा तेवढी वेळेत हलवली, 1871 मध्ये ती पणजीला नेली. पुढच्या खेपेला पणजीत त्या पांढऱ्या जिन्याच्या चर्चसमोर फोटो काढाल (सगळेच काढतात), तेव्हा मान वर करून बघा, मधोमध टांगलीये.